आधी दुकान बसवा, मग गेम

पीसीवर गेम खेळायचा तर आधी दुकान इन्स्टॉल करावं लागतं, म्हणजे गेम विकणारं, उतरवणारं आणि चालू करून देणारं सॉफ्टवेअर, ज्याला क्लायंट म्हणतात. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यातला चमत्कारिकपणा आता कुणाला खुपत नाही. माझ्या संगणकावर अशी चार दुकानं मांडलेली आहेत. स्टीम, एपिक, जीओजी गॅलक्सी, आणि चौथं एका बड्या प्रकाशकाचं, त्याचं नाव मी घेणार नाही. विंडोज सुरू झालं की चौघंही हजेरी लावायला बघतात. एकाला अपडेट हवं असतं, दुसऱ्याला परत लॉगिन, तिसरं कोपऱ्यातून सेलची पाटी पुढे करतं. मला हवा असतो अर्ध्या तासाचा गेम, जेवायची पानं घेतली जाईपर्यंत.

तरी स्टीमवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कुरकुर बरीच आहे.

आमच्या पिढीला स्टीमची ओळख झाली ती उलट्या बाजूने. 2004-05 च्या सुमारास पुण्यात, कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक 1.6 हा गोळीबाराचा गेम चालायचा तो ‘नॉन-स्टीम’, म्हणजे स्टीमला वगळून चालणारी चोरटी कॉपी. हेडफोनचा एक कान मेलेला, माउसच्या पोटात मळाचा गोळा, आणि डस्ट 2 सोडून दुसरा मॅप कुणी लावला की मागच्या रांगेतून शिव्या. कॅफेवाल्याने एका मशीनवर कॉपी टाकली की लॅनवरून ती सगळीकडे जायची. हे स्टीम म्हणजे काय असतं, असं कुणीतरी एकदा विचारलं तेव्हा त्याने गल्ल्यावरून मान वर न करता उत्तर दिलं होतं, “ते ओरिजिनलवाल्यांचं असतं रे.” त्यावर कुणाला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. ओरिजिनलवाले आमच्यात नव्हतेच.

ते ओरिजिनलवाले तेव्हा अमेरिकेत काय भोगत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. व्हॉल्व्ह कंपनीने 12 सप्टेंबर 2003 रोजी स्टीम सुरू केलं ते मुळात दुकान म्हणून नाही. काउंटर-स्ट्राइकचा नवा पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला की अर्धे खेळाडू जुन्या आवृत्तीवर अडकून पडायचे, आणि चीटिंग करणाऱ्यांना आवरणंही अवघड होतं. घरबसल्या आपोआप अपडेट पोचवणारी काहीतरी सोय हवी होती. ती दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी म्हणून व्हॉल्व्हने मायक्रोसॉफ्ट, याहू वगैरे मंडळींना विचारून पाहिलं, कुणी हात लावला नाही, मग त्यांनी स्वतःच केली. नोव्हेंबर 2004 मध्ये व्हॉल्व्हचाच हाफ-लाइफ 2 हा गेम आला. दुकानातून खोका विकत आणला तरी आधी स्टीम टाका, खातं उघडा, नेटवरून परवानगी घ्या, मगच खेळ सुरू. पहिल्या दिवशी सर्व्हर धापा टाकायला लागले आणि लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. स्टीमची शेवाळी रंगाची ती जुनी खिडकी आज काहीजण हळवे होऊन आठवतात. तेव्हा तिचा राग राग केला जायचा.

अकरा वर्षांत चित्र कुठे गेलं बघा. सप्टेंबर 2015 मध्ये मेटल गिअर सॉलिड 5 चा पीसीसाठीचा खोका बाजारात आला. आत तबकडी होती, पण तबकडीवर गेम नव्हता. स्टीम बसवणारी काही एमबींची फाइल तेवढी होती. म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजायचे आणि घरी घेऊन यायचं ते दुसऱ्या दुकानाचं दार.

आपल्याकडे त्याच वर्षी, नोव्हेंबरात, स्टीमवर किमती रुपयांत दिसायला लागल्या. त्याआधी डॉलरचा हिशेब. परदेशी व्यवहार चालणारं कार्ड घरात एखाद्याकडेच असायचं, आणि ते मागताना ‘कशाला हवंय’ याचं उत्तर तयार ठेवावं लागायचं. रुपये आले, पुढे किमतीही इथल्या खिशाला जमतील अशा लागल्या, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाच-पन्नास रुपयांना मिळणाऱ्या पायरेटेड तबकड्यांचं आकर्षण माझ्या ओळखीतल्या लोकांपुरतं तरी संपलं. नीतिमत्ता अचानक सुधारली असं कुणी समजू नये. गेमचं कुलूप तोडणारा क्रॅक शोधायचा, अँटिव्हायरस बंद करायचा, तिसऱ्या लेव्हलला गेम कोसळला की परत शोधायचं, या कटकटीपेक्षा सेलमध्ये तीनशे रुपये देऊन मोकळं होणं परवडायला लागलं. मोठ्या कंपन्यांचे नवे गेम आता चार-पाच हजारांच्या घरात गेलेत, त्यामुळे ती जुनी वाट परत शोधणारेही भेटतात, हे सोडा.

मला स्टीमने जिंकलं ते मात्र किमतीवर नाही. मी नोकरीला लागून साताऱ्याला परत आलो तेव्हा घरी बीएसएनएलचा ‘होम 500’ प्लॅन होता. त्यात रात्री 2 ते सकाळी 8 कितीही डाउनलोड करा, हिशेब नाही. ज्यांनी तो काळ काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पावणेदोनचा गजर, उठून मोडेमचा दिवा स्थिर आहे ना बघायचं, बरोबर दोन वाजून गेले की सुरू करायचं आणि परत अंथरुणात. ब्राउझरमधून मोठी फाइल उतरवताना पहाटे पाचला वीज गेली की सगळं पाण्यात. भारनियमनाच्या दिवसांत तर ती जायचीच. स्टीमचं तसं नव्हतं. वीज आली, संगणक लावला, की जिथे थांबलं होतं तिथून पुढे. पाच-सहा रात्रींत एक गेम पुरा व्हायचा. एखाद्या सॉफ्टवेअरबद्दल कृतज्ञ वाटावं असे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत, माझ्या वाट्याला हा आला.

आजही डाउनलोडचं पान हे माझं आवडतं पान आहे. निळे उभे दांडे नेटचा वेग दाखवतात, त्यांच्यावरून हिरवी रेघ डिस्कचा. फायबर आल्यापासून गंमत अशी झाली की अडतं ते नेटपाशी नाही. फाइल दाबून बांधलेल्या येतात, त्या सोडवून डिस्कवर मांडायला वेळ लागतो. माझ्या जुन्या फिरत्या डिस्कवर टाकायला गेलं की निळे दांडे एकदम जमिनीला टेकतात आणि हिरवी रेघ एकटीच खुरडत राहते. काही मिनिटांनी डिस्क हुश्श करते, निळे परत उभे राहतात. शंभर जीबीच्या गेमला हा खेळ तासभर चालतो आणि मूळ गेमपेक्षा तो कधीकधी बरा असतो.

फेब्रुवारी 2023 पासून स्टीममध्ये आणखी एक सोय आलीय. घरातल्या एका संगणकावर गेम असेल तर दुसऱ्याला तो नेटवरून परत उतरवावा लागत नाही, घरच्या नेटवर्कवरूनच जातो. माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा असा गेम पाठवला तेव्हा मला तो कॅफेवाला आठवला. वीस वर्षांपूर्वी तो हेच करत होता.

पुतण्याचा विषय निघालाच आहे तर ‘स्टीम फॅमिलीज’बद्दल बोलायला हवं. 2024 मध्ये ही व्यवस्था सगळ्यांसाठी खुली झाली. सहा जणांपर्यंतचं कुटुंब, प्रत्येकाचं खातं वेगळं, पण गेमचं कपाट एक. मी एक खेळत असताना पुतण्या माझ्या कपाटातला दुसरा खेळू शकतो. एकच प्रत असेल तर एका वेळी एकच. कुटुंब म्हणजे एका घरात राहणारे, अशी त्यांची अट. आमच्यासारख्या वर-खाली मिळून नऊ माणसांच्या घरात सहांची मर्यादा म्हणजे कुणाला तरी वगळणं आलं. सुदैवाने आईला आणि वहिनीला काउंटर-स्ट्राइकमध्ये रस नाही. शिवाय कुटुंब सोडलं तर ती जागा आणि तो माणूस, दोघांनाही दुसऱ्या घरोब्यासाठी वर्षभर थांबावं लागतं. पण खरी मेख पुढे आहे. पुतण्याने माझी प्रत खेळताना चीट केलं आणि तो पकडला गेला, तर त्या गेममध्ये बंदी त्याच्यावरही येणार आणि माझ्यावरही. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, “काका, मग तुमचं काय जाईल? तुम्ही तर तो खेळतच नाही.”

मुद्दा बिनतोड होता. स्टीम प्रत्येक गेमपुढे खेळलेले तास छापतं आणि माझ्या कपाटात ज्यांच्यापुढे काहीच छापलेलं नाही असे गेम पुष्कळ आहेत. हा आकडा लपवता येत नाही अशातला भाग नाही, प्रोफाइल बंद ठेवता येतं. पण घरात लॅपटॉप सगळ्यांपुढे उघडा असतो. माझ्या मते हा तासांचा आकडा हीच या क्लायंटची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. मी गेमची परीक्षणं वाचायचं सोडून दिलं, लोकांचे शेरे वाचतो, कारण प्रत्येक शेऱ्यापाशी त्या माणसाने किती तास खेळून तो लिहिलाय हे दिसतं. दीड तास खेळून ‘महान कलाकृती’ म्हणणाऱ्याला मी बाजूला ठेवतो. आणि हजारभर तास खेळून ‘घेऊ नका’ म्हणणारा असतो, त्याचं मात्र शेवटपर्यंत वाचतो. असा माणूस त्या गेमबद्दल जे बोलतो ते दुसऱ्या कुणाला बोलताच येत नाही.

गेम परत करण्याची सोय जून 2015 मध्ये आली. घेतल्यापासून 14 दिवस आणि खेळणं दोन तासांच्या आत, तर कारण न विचारता पैसे परत. त्याआधी कारभार आपल्या पेठांतल्या दुकानांसारखा होता, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. व्हॉल्व्हला ही उपरती आपोआप झाली असं मानायला मी तयार नाही. 2014 मध्येच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने याच कारणावरून त्यांना कोर्टात खेचलं होतं आणि 2016 मध्ये 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड बसला. फायदा साताऱ्यातल्या मला झाला.

आता चौथ्या दुकानाकडे येतो. स्टीमवर गेम घ्या, पैसे स्टीमला द्या, ‘प्ले’ दाबा, आणि उघडतं काय तर प्रकाशकाचं स्वतःचं लाँचर. त्याला स्वतःचं खातं हवं, स्वतःचा पासवर्ड, स्वतःचं अपडेट. ही खोड एका कंपनीची नाही, बऱ्याच मोठ्या प्रकाशकांना ती आहे. माझ्या त्या खात्याचा ईमेल कॉलेजच्या काळातला, आता बंद पडलेला. मदतकेंद्राने ओळख पटवण्यासाठी पहिल्या खरेदीचा पुरावा मागितला. तो मी स्टीमवरून काढून पाठवला. उत्तर आलं, स्टीमची पावती चालणार नाही, आमच्या दुकानातली हवी. मी त्यांच्या दुकानातून कधी काही घेतलंच नव्हतं. पैसे दिलेला, कपाटात दिसणारा, पुरा डाउनलोड झालेला गेम दाराशी अडून बसला तो आजतागायत.

इथे माझं मत एका ठिकाणी येऊन थांबलं. क्लायंट असावा, पण तो नसला तरी गेम चालावा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये जीओजी काढलं ते याच तत्त्वावर. ही मंडळी 1994 मध्ये वॉर्सात सीडी विकण्यापासून सुरू झालेली, पायरसीने भरलेला बाजार त्यांनी जवळून पाहिलेला. जीओजीवर गेम घेतला की इन्स्टॉलर फाइल सरळ उतरवून घेता येते. कॉपी अडवणारं कुलूप नाही, परवानगी नाही, गॅलक्सी हा क्लायंट ठेवलात तर ठेवा, काढून टाकलात तरी गेमला पत्ता लागत नाही. तुलनेने गॅलक्सी स्वतः थोडं मंद आणि विसरभोळं आहे, पण ज्याला केव्हाही रजा देता येते त्याच्यावर माणूस फारसा चिडत नाही.

स्टीमच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्टीमचं कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. पुष्कळ छोटे गेम, स्टीम पूर्ण बंद करून फोल्डरमधल्या ईएक्सईवर, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलवर, डबल-क्लिक केलं तरी सुरळीत चालतात. मी नवीन गेम उतरवला की पहिली ही परीक्षा घेतो. पास झाला की त्याचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर.

ही सावधगिरी म्हणजे वेड आहे असं बायकोला वाटतं. मला वाटत नाही. 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने विंडोज 7 आणि 8 यांना रामराम ठोकला. त्याच्या पाच वर्षं आधी एक्सपी आणि व्हिस्टाला. कारण तांत्रिक आहे आणि ते मला समजतं. आतून हा क्लायंट म्हणजे क्रोमचाच भाऊ, टास्क मॅनेजर उघडून बघा, स्टीमवेबहेल्पर नावाच्या पाच-सात ओळी मेमरी खात बसलेल्या दिसतील. क्रोमने जुनं विंडोज सोडलं की याला सोडावंच लागतं. पण परिणाम काय झाला? 2010 साली विंडोज 7 वर घेतलेला गेम त्या मशीनवर आजही धावू शकतो. धावत नाही ते दुकान.

मार्च 2024 च्या शेवटी युबिसॉफ्ट या प्रकाशकाने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. 2014 चा गेम, तो फक्त ऑनलाइनच चालायचा, त्यामुळे एकट्याने खेळायची वाटही उरली नाही. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. कंपनीने सर्व्हर बंद करावेत, पण जाताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडावा, एवढीच तिची मागणी. युरोपीय संघाकडच्या त्यांच्या अर्जावर जुलै 2025 पर्यंत 10 लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात 2024 मध्ये कायदा झाला की डिजिटल वस्तू विकताना तुम्ही फक्त परवाना देताय हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. तेव्हापासून स्टीमवर पैसे भरायच्या पानावर तशी एक ओळ दिसते. त्याच वर्षी कुणीतरी स्टीमच्या मदतकेंद्राला विचारलं होतं, माझ्या पश्चात खातं मृत्युपत्राने कुणाला देता येईल का. उत्तर आलं, नाही. करारात ते पहिल्यापासून लिहिलेलं आहे, पण करार वाचतो कोण? पुतण्याला मी सांगितलंय, पासवर्ड तेवढा लक्षात ठेव.

एवढं असूनही गेम बनवणाऱ्याच्या विक्रीतून स्टीम कापतं ती तीस टक्के वर्तणावळ मी सरसकट लूट म्हणायला तयार नाही. (विक्री 1 कोटी डॉलरच्या वर गेली की 25 टक्के, 5 कोटींच्या वर 20 टक्के. म्हणजे मोठ्याला सवलत आणि छोट्याला पुरा दर, हे मात्र मला पटत नाही.) 2020 मध्ये पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ स्टीमवर आला. राजस्थानी किल्ले, देवदेवता, हातात त्रिशूळ घेतलेली मुलगी, सगळं मूठभर माणसांनी बनवलेलं. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. माझ्या कॅफेच्या दिवसांत पुण्यातल्या एखाद्या चमूने असा गेम केला असता तर तो ब्राझीलमधल्या पोराच्या हातात पोचवणार कोण होतं? खोके छापायचे, वितरक गाठायचे, त्याने उधारी बुडवायची. आज 100 डॉलर भरले की स्टीमच्या फळीवर जागा मिळते. अर्थात त्याच फळीवर 2024 या एका वर्षात 18 हजारांहून जास्त नवे गेम आले, तेव्हा जागा मिळणं आणि नजरेस पडणं यांत अंतर आहेच.

एपिकचं दुकान डिसेंबर 2018 मध्ये निघालं, कापायचे फक्त 12 टक्के म्हणून गाजलं, आणि तीन वर्षं त्यात खरेदीची साधी कार्ट नव्हती. दर गुरुवारी तिथे गेम फुकट मिळतो, आपल्याकडे रात्री साडेआठला, थंडीत साडेनऊला. मे 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, त्यांनी जीटीए 5 फुकट वाटला तेव्हा दुकान काही तास आडवंच झालं होतं. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. मी तिथे गुरुवारीच जातो.

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मित्राने नवा पीसी जुळवला आणि कुठून काय घेऊ म्हणून विचारलं. सांगितलं ते असं: जीओजीवर असेल तर तिथे घे आणि इन्स्टॉलर लगेच उतरवून ठेव. तिथे नसेल तर स्टीम. पण सेटिंगमध्ये जाऊन विंडोजबरोबर सुरू होणं बंद कर, उघडल्यावर दुकानाऐवजी लायब्ररी दिसू दे, आणि सेलच्या जाहिरातींची ती खिडकी कायमची घालव. तिन्ही गोष्टी तिथेच आहेत, कुणी बघत नाही. पानावर उजवीकडे वेगळ्या खात्याची किंवा तिसऱ्याच कंपनीच्या कुलपाची पिवळट सूचना दिसली तर घेण्याआधी पुन्हा विचार कर. तो म्हणाला, एवढं कोण बघत बसणार, मला फिफा खेळायचाय. मग म्हटलं, फिफाचं नाव बदलून केव्हाच ईए एफसी झालंय, आणि त्याला ईए या प्रकाशकाचं ॲप लागेलच. ते त्याने आधीच टाकलेलं होतं.